लाल रेघेच्या खाली

त्या पार्कच्या फाटकाशी एक रंगवलेली फळी उभी आहे. फळीवर छत्री घेतलेला सिंह, आणि छत्रीच्या दांड्यावर सव्वाचार फुटांना एक लाल रेघ. ज्या कुटुंबात त्या रेघेखालचं मूल असेल त्यांना दिवाळीच्या सुट्टीत फाटक उघडायच्या तासभर आधी आत सोडतात. नियम चांगला आहे. लहान पोरं उन्हात ताटकळू नयेत म्हणून कुणीतरी विचार करून केलेला आहे. पण आमच्या घराने त्या नियमाचा जो उपयोग केला, त्याचा विचार नियम करणाऱ्याने काही केला नसेल.

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहतो. माझा नवरा पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये बॉयलरवर आहे, मी मराठी शाळेत शिकवते. मोठे दीर नि जाऊ, त्यांची दोन दांडगी पोरं, धाकटे दीर नि त्यांची बायको, सगळे एकाच गल्लीत. सासूबाई आमच्याकडे. खानदेशातून येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी आमचं घर म्हणजे भावकीच. एकाने ताट वाढलं की दहा जण बसणार.

आणि या दहा जणांत रेघेखालचं मूल एकच. माझी मुलगी.

अकरा वर्षांची असून ती आठाची दिसायची. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, म्हणजे सगळ्यात बुटकी. वर्गातली गुजराती पोरं तिला 'टेणी' म्हणायची, आणि ते नाव गल्लीतून घरात कधी आलं ते कळलंही नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वाढ जरा मंद आहे, वाट बघा. वाट बघा हे सांगणं किती सोपं असतं! त्यांना रोज सकाळी तिच्या वेण्या घालायच्या नव्हत्या. वेणी घालताना माझा हात तिच्या डोक्यावर जिथे पडायचा, तिथेच तो वर्षभर पडत राहिला. मी देवाला काय काय बोलले असेन, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. झोपलेल्या पोराला कुणी ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यांचा संशय मोठ्या जाऊबाईंवर होता. एका लग्नात गर्दीत सगळे ओळीने झोपलेले असताना त्या पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणे. ओलांडलं असेल तर उलटं ओलांडून परत जायचं, म्हणजे बाधा जाते. मी शिकलेली बाई, चार पोरांना विज्ञान शिकवते. पण एका दुपारी मीच मुलीला चटईवर आडवं केलं आणि जाऊबाईंना हात जोडले. त्या तिच्यावरून मागे गेल्या, पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. नंतर हिशोब चुकला की काय म्हणून सासूबाईंनी त्यांना परत उभं केलं. मुलगी हसत होती. मी हसले नाही. मी इतकी घायकुतीला आले होते की कुणी सांगितलं असतं तर अख्ख्या गल्लीला तिच्यावरून उलटं चालवलं असतं.

पालिकेच्या बागेतल्या दांड्याला तिला लोंबकळवणं, केळी, दूध, भिजवलेले हरभरे, सगळं झालं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी पेन्सिलने तिची उंची आखत होते. खुणा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की लांबून बघणाऱ्याला ती एकच जाड रेघ वाटावी.

पण दिवाळी आली की याच बुटकेपणाला घरात भाव यायचा. ते कसं झालं, सांगते. एका वर्षी तिला ताप होता म्हणून ती आणि मी घरी राहिलो. बाकीचे पार्कला गेले. अख्खं सुरत तिथे लोटलेलं. हे लोक दुपारपर्यंत बाहेर उन्हात उभे, आत गेले तर प्रत्येक राईडला मैलभर रांग. दोन राईड करून तोंडं पाडून घरी आले. त्यानंतरच्या वर्षी ती बरोबर होती, तर सगळे तासभर आधी आत. रिकामं पार्क, रांग नाही, मोठ्या राईडवर पोरं चार-चार वेळा बसली. त्या दिवसापासून जाऊबाईंचा फोन भाऊबीजेच्या आधीच यायचा. "टेणीले लई येजो हा, इसरू नको!" जसं काही मी माझी मुलगी घरी विसरून येणार होते.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू काढताना घरातल्या गडीमाणसांच्या नावाने मुठी घेतात. मुलींच्या नावाची मूठ नसते. तिथे माझी मुलगी कुणाच्या लक्षातही यायची नाही. पार्कला जाताना मात्र तिच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

फाटकावरची बाई आधारकार्डं बघायची, सगळ्यांचं आडनाव एक. "आ बधा एक ज फॅमिली?" ती दरवेळी डोळे मोठे करून विचारायची. तिच्या हिशोबात फॅमिली म्हणजे आईबाप नि दोन पोरं. आमचे मोठे दीर छाती पुढे काढून म्हणायचे, "हां बेन, एक ज." त्यांना त्यात खोटं काहीच वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खोटं नव्हतंच. मग मुलीला फळीखाली उभं करायचं, वरून लाकडी पट्टी खाली यायची, पट्टी रेघेच्या खाली थांबायची, आणि माझे दीर-जावा टाळ्या वाजवायचे. मुलीच्या मनगटाला पिवळा पट्टा, बाकीच्यांना हिरवा.

पिवळ्या पट्ट्याला मोठी राईड नाही, तो दुसरा नियम. आणि मोठ्या राईडवर चपला, मोबाईल, किल्ल्या न्यायच्या नाहीत, हा तिसरा. त्यामुळे आत शिरताच घरचे सगळे मोठ्या राईडकडे पळायचे, आणि समोरच्या बाकावर सासूबाई नि माझी मुलगी बसायच्या. तिच्या पायाशी सगळ्यांच्या चपला, मांडीवर सगळ्यांचे मोबाईल. वर आरडाओरडा चालायचा आणि ही मान वर करून बघत राहायची. मी तिच्याजवळ बसायचे. "पुढच्या वर्षी," मी म्हणायचे. ती मान हलवायची. तीन दिवाळ्या हेच.

आता त्या वर्षाची गोष्ट.

नवरात्रात मी तिला चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक धरलं, खूण केली, टेप लावला. सव्वाचार फूट आणि वर बोटभर. मी टेप तीनदा लावला. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंचा टेप मागून आणला, कारण आमच्या टेपवर माझा विश्वास बसेना. त्यावरही तेवढंच. मी तिला उचलून घेतलं आणि रडायला लागले. ती मला म्हणाली, "मम्मी, कोणाला सांगू नको ना. तिथेच बघू दे सगळ्यांना."

मी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ती फाटकाशी उभी राहील, पट्टी रेघेच्या वर थांबेल, आणि सगळ्यांची तोंडं उघडी राहतील, हे मी मनात किती वेळा बघितलं असेल! सगळ्यांना मग बाहेर रांगेत उभं राहावं लागेल हे माझ्या डोक्यात आलं होतं. राहू देत, म्हटलं. एक दिवस माझ्या पोरीसाठी राहू देत.

भाडोत्री व्हॅनमध्ये आम्ही दहा जण कोंबून बसलो होतो. मिल सुरू व्हायच्या आधी बॉयलर पेटवावा लागतो, त्यामुळे माझ्या नवऱ्याची सुट्टी इतरांच्या आधी संपायची. त्याच संध्याकाळी त्याची पाळी होती. सासूबाईंचे गुडघे आदल्या दिवसापासून ठणकत होते. मोठ्या जाऊबाईंनी मुलीच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, "तू शे म्हनीसन बरं शे माय. नहीतर आज मन्ही सासूनं काही खरं नव्हतं उनमा." सगळे हसले. मुलगीही हसली. मी तिच्याकडे बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती.

फाटकाशी तिने चपला काढल्या आणि फळीला पाठ लावली. मी सासूबाईंचा हात धरून चार पावलं मागे होते. मधे जाऊबाईंच्या पोरांची डोकी, त्यामुळे मला तिचा चेहरा तेवढा दिसत होता. पट्टी खाली आली. आली, आली, आणि रेघ ओलांडून खाली जाऊन थांबली.

"येलो," बाई म्हणाली.

टाळ्या झाल्या. मोठ्या दिरांनी शिट्टी मारली. मी सासूबाईंना धरलं होतं की त्यांनी मला, सांगता येत नाही. टेप चुकला, चौकट वाकडी, मीच पुस्तक तिरपं धरलं, माझ्या डोळ्यांना जे हवं तेच दिसलं, असं काय काय डोक्यात येत होतं. सगळ्यात जास्त राग मला माझ्याच आशेचा आला. पोरीला खोटं सांगून मी तिला इथवर आणलं, असं वाटलं. तिच्या मनगटावर पिवळा पट्टा चिकटवताना ती बाईकडे बघून हसली, ते हसू मला बघवेना.

आत गेल्यावर नेहमीसारखंच झालं. पोरं पळाली, दीर पळाले, जाऊबाईसुद्धा साडीचा पदर खोचून पळाल्या. नवऱ्याने चपला काढून बाकाखाली सारल्या आणि मुलीच्या मांडीवर मोबाईल ठेवत म्हणाला, "सांभाळजो बेटा." वर राईड सुरू झाली. ती चपला जोडी-जोडीने लावत बसली होती. डाव्याला डावी, उजव्याला उजवी.

मला ते सहन झालं नाही. माणसाचा संयम सुटायला मोठं कारण लागत नाही. मी तिच्या मांडीवरचे मोबाईल उचलून सासूबाईंच्या ओटीत टाकले आणि तिचा दंड धरून राईडच्या दाराशी गेले. तिथेही एक फळी होती, तीच लाल रेघ.

"हिला मोजा," मी तिथल्या माणसाला म्हटलं.

"येलो है मॅडम. अलाउड नहीं."

"मला माहीत आहे अलाउड नाही. मोजा."

त्याने नियम सांगितला, मी पुन्हा मोजा म्हटलं. त्याने पुन्हा नियम सांगितला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण हात जोडले होते आणि आवाज चढलेला होता, दोन्ही एकदम. मला फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, की किती कमी पडते. बोटभर? दोन बोटं? अजून किती वर्षं? शेवटी तो कंटाळून म्हणाला, "खडा करो."

ती फळीपाशी गेली. या वेळी मी अगदी समोर होते. मधे कुणी नव्हतं. तिने पाठ टेकवली आणि मला तिचे गुडघे दिसले. फ्रॉकच्या घेराखाली ते अलगद पुढे आलेले होते.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते गुडघे मागे दाबले. पट्टी रेघेच्या वर थांबली. बोटभर, चौकटीवर होती तितकीच.

"हो गया ना!" तो माणूस म्हणाला. "लेकिन पट्टा गेट पे बदलना पडेगा."

मी तिच्याकडे बघत होते. ती खाली बघत होती.

"फाटकावर वाकली होतीस?"

ती फ्रॉकचा घेर खाली ओढत राहिली.

"अगं, सांग ना! वाकली होतीस?"

"आजीचे पाय दुखत होते," ती म्हणाली. "आणि पप्पाला पाळीवर जायचंय. मी मोठी झाली असती तर सगळे उन्हात राहिले असते ना." मग जरा थांबून म्हणाली, "कोणी मला परत नाही आणलं तर?"

त्या क्षणी माझं काय झालं ते मला नीट मांडता येत नाही. मला तिला मारावंसं वाटलं आणि छातीशी घ्यावंसं वाटलं, आणि मी यातलं काहीच केलं नाही. तीन वर्षं ज्या एका बोटासाठी मी देव, डॉक्टर, केळी, सगळं पालथं घातलं होतं, ते तिला मिळालं आणि तिने ते गुडघ्यात दुमडून ठेवलं. आमच्यासाठी.

राईड थांबून घरचे खाली आले. मी बाकापाशी उभी राहून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चला फाटकावर. हिचा पट्टा बदलायचा."

नवरा म्हणाला, "बदलं तर आपुले बाहेर काढतीन."

"काढू देत."

"दिवाळीनी गर्दी शे," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "एक राईडसाठे आख्खा घरले उनमा उभं करशी का? पुढला वरीसले बठी ती. आते काय, वाढनीच ना पोर!" त्या वाईट नाहीत, हे मी सांगून ठेवते. माझ्या बाळंतपणात त्यांनीच माझं सगळं केलं. पण त्या क्षणी मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी ओरडले, "माझी पोर म्हणजे तुमचा पास नाही!" शेजारून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. नवरा घड्याळ बघत होता. पोरं जमिनीकडे. मुलगी माझा हात ओढत होती, "मम्मी राहू दे ना, मम्मी राहू दे ना."

आधी उठल्या त्या सासूबाई. पायाने चपला चाचपत म्हणाल्या, "मना पाय अठे बी दुखतस नि तठे बी दुखतस. चाला."

लोक मला विचारतात, मग बसली का ती राईडवर? बसली. दुपारी, दोन तास रांगेत उभं राहून, माझ्या शेजारी. तिचा बाप तोवर पाळीवर निघून गेला होता. उतरल्यावर ओकली आणि पुन्हा बसायचं म्हणाली. पण मला तो दिवस आठवतो तेव्हा राईड आठवत नाही. आठवतं ते फाटक.

फाटकावरच्या बाईला सांगितलं तेव्हा तिचा पारा चढला. आम्ही तिला फसवलं असंच तिला वाटलं, आणि वाटणारच. बाहेर तोवर माणसांची भिंत झाली होती. दारं अजून बंद होती, आणि उन्हात उभे असलेले लोक जाळीतून आमच्याकडे बघत होते. ती म्हणाली, पुन्हा मोजते, पण ऐकून घ्या. "ऊपर निकळी तो बधा बहार, लाईनमां." खाली असली तर आहे तसं चालू द्या, आणि परत माझ्याकडे येऊ नका. विचार करा.

मुलगी फळीपाशी गेली. चपला काढल्या. पाठ टेकवली. बाईने पट्टी वर सरकवून धरली होती. आणि माझ्या मुलीने आमच्याकडे बघितलं. नुसतं माझ्याकडे नाही. आधी आजीच्या पायांकडे, मग बापाकडे, मग काका-काकू, मग भाऊ, एकेकाकडे. गुडघे अजून वाकलेलेच होते.

"सरळ उभी राहू का?" तिने विचारलं.

कुणी काही बोललं नाही. फार वेळ गेला असं नाही, दोन श्वास जातील एवढाच. पण आम्ही नऊ जण समोर उभे होतो आणि अकरा वर्षांच्या पोरीला ताठ उभं राहायची परवानगी द्यायला आम्हाला दोन श्वास लागले. मी एवढी भांडून तिला इथवर ओढत आणलेली, आणि ऐन वेळी माझ्याच तोंडून शब्द फुटेना. ते दोन श्वास मला अजून गिळता आलेले नाहीत.

मग मी ओरडले, "राहा!"

इतक्या जोरात, की जाळीपलीकडचे लोकही दचकले. तिने टाचा फळीला लावल्या, माझ्याकडे बघत हळूहळू गुडघे सरळ केले, आणि सासूबाईंनी बाहेर जायला वाकून आपली पिशवी उचलली.